टाकीवरचा अखंड दिवा

अंधारातून प्रकाशाकडे जाणं हीच माणसाची खरी वाटचाल आहे. हे वाक्य मी एकतीस वर्षं बारावीच्या निरोप समारंभात म्हणत आलो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला प्रकाशावर बोलायचा अधिकार असतो असं संयोजकांना वाटे, आणि माझ्याकडे दुसरं भाषण नव्हतं. एका वर्षी नेमकं याच वाक्याला वीज गेली. त्या वर्षीइतक्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. निवृत्तीनंतर लक्षात आलं की समुद्रातल्या प्रवाळांना हे वाक्य मुळीच लागू नाही. त्यांना रोज ठरावीक तास अंधार लागतो. तो मिळाला नाही तर ती मरतात. हे मी आधी पुस्तकात वाचलं आणि मग माझ्या थोरल्या भावाच्या दिवाणखान्यात पाहिलं.

माझे थोरले भाऊ, दादा, गावाकडच्या एका दूध संस्थेचे बरीच वर्षं चेअरमन होते. कोल्हापुरात पन्हाळ्याच्या रस्त्याला त्यांनी बंगला बांधला तेव्हा सगळ्यात मोठी खोली दिवाणखाना होती. स्वयंपाकघराला जी जागा उरली ती वहिनींनी गोड मानून घेतली. सकाळी सातपासून माणसं यायची. कुणाला बदली हवी असायची, कुणाला पोराला चिकटवायचं असायचं, कुणाला नुसतंच दादांनी बघितलं की बरं वाटायचं. दारात चपलांचा ढीग असायचा आणि चहाचं पातेलं गॅसवरून उतरायचं नाही. भिंतीवर दादांचे फोटो होते. प्रत्येक फोटोत फेटा, शाल, नारळ आणि दोन्ही बाजूंना कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं. एका फोटोत तर दादा दुसऱ्याचा सत्कार करताहेत, तरी शाल दादांच्याच अंगावर आहे. ती गडबड कशी झाली हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

मग दादा निवडणुकीत पडले. बदल्या आता दुसऱ्या दिवाणखान्यातून होऊ लागल्या. महिनाभरात आमच्या दारातला ढीग एवढा ओसरला की उरलेल्या चपला घरातल्याच आहेत हे ओळखू यायला लागलं. दादा मात्र सातला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसायचे. गेटचा आवाज झाला की पेपर खाली यायचा. बहुतेक वेळा दूधवाला असायचा.

"भावजी, ह्यास्नी माणूस लागतंय हो," वहिनी मला एकदा म्हणाल्या. "कोण न्हाय चहा घ्यायला म्हणून सोताच चार-चार कप पित्यात. साखर वाढलीया."

टाकीची कल्पना दादांना पुण्यात सुचली. तिथं एका मोठ्या दवाखान्यात ते तपासणीला गेले होते आणि खालच्या मजल्यावर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. आत जिवंत प्रवाळ आणि रंगीत मासे. परत आल्यावर त्यांनी तपासणीचा निकाल सांगायच्या आधी टाकीचं सांगितलं.

"मास्तर, पोरंबाळं, म्हातारी, नर्सा, सगळी तितं उभी! एकाला सलाईन लावलेलं, तर बाटली धरून उभा. मी बी गेलतो बघाया, तर म्होरं जागाच न्हाय. एवढी गर्दी मला सभेला बी कधी झाली न्हाय बघ."

मी ज्युनियर कॉलेजात होतो, तरी दादा मला मास्तरच म्हणतात. त्यांना काय हवंय ते मला तेव्हाच कळलं. त्यांना मासे नको होते. ती गर्दी हवी होती.

टाकी चार फुटांची आली. खारं पाणी, खडक, पंप हे सगळं मुंबईच्या एका विक्रेत्याने बसवून दिलं. प्रवाळं परदेशात वाढवलेली होती आणि त्यांच्याबरोबर कागदपत्रं आली. एका कागदावर गोल शिक्का होता, म्हणून दादांनी तो फ्रेम करून सत्कारांच्या फोटोंशेजारी लावला. उरला प्रश्न दिव्याचा. तो माझ्याकडे आला, कारण प्रकाश माझा विषय.

त्याआधी दादांनी त्यांच्या पद्धतीने तज्ज्ञ बोलावला होता. गणपतीत मंडळांची रोषणाई करणारा माणूस. त्याने टाकीभोवती दोन चकरा मारल्या, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "दादा, चार हॅलोजन चारी कोपऱ्याला. मासा न् मासा उठून दिसंल. म्होरल्या बाजूला तुमचं नाव लावू, पळतं."

गावातल्या माशांच्या दुकानदाराचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला, "साहेब, वॅट बघा, वॅट. जेवढं वॅट ज्यादा तेवढं बरं."

मी वॅट बघितले नाहीत. मी पुस्तकं बघितली, आणि खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी मला सकाळी उठायला कारण मिळालं. प्रवाळाच्या मांसात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंग बराचसा त्या शेवाळाचा. पाण्यात खोल जाताना तांबडा प्रकाश आधीच गळून जातो, निळा उरतो, म्हणून या शेवाळाला निळाच मानवतो. पांढरा थोडा चालतो, आपल्या डोळ्यांसाठी. प्रकाश फार झाला तर शेवाळात विष तयार होतं, प्रवाळ त्याला बाहेर हाकलतं आणि स्वतः पांढरं पडतं. काही दिवस उपाशी जगतं. मग जगत नाही.

हे सगळं मी दादांना पानसुपारीच्या वेळी समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे सभासद भाईर पडलं की संस्था पांढरी पडती. ह्ये बी सहकारीच की!"

एकतीस वर्षांत इतकं अचूक उत्तर मला एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं.

शेवटी मी एक एलईडी दिवा निवडला. त्यात निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांच्या वेगळ्या रांगा होत्या आणि प्रत्येक रांग किती टक्के, किती वाजता चालवायची ते मोबाइलवर ठरवता येत होतं. नुसता निवडून भागत नाही, तो टाकीशी जुळवावा लागतो. डोळ्याला भगभगीत वाटणारा प्रकाश प्रवाळाला अपुरा असू शकतो आणि सौम्य वाटणारा निळा त्याला जाळू शकतो. मोजायला यंत्र लागतं. ते मला जरबेराची शेती करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिलं. त्याच्या पॉलिहाऊसमध्ये झाडांना लागणारा प्रकाश मोजायला ते होतं. वहिनींच्या जाळी काढायच्या काठीला मी त्याचा सेन्सर बांधला आणि टाकीत वर, मध्ये, तळाशी, कोपऱ्यात असा फिरवून आकडे वहीत उतरवले. दिवा दोरीने टांगला होता. चार बोटं वर घेतला, पुन्हा मोजलं. दोन बोटं खाली आणला, पुन्हा मोजलं. वहिनी दारातून बघत होत्या.

"भावजी, लगीन ठरवायला एवढं बघत न्हाईत."

जास्त प्रकाश लागणारं गुलाबी फांद्यांचं प्रवाळ वर ठेवलं, हातोडीच्या आकाराची टोकं असलेलं हिरवं मध्ये, मऊ कातडीची खाली. नवीन प्रवाळाला एकदम पूर्ण प्रकाश द्यायचा नसतो. मी वीस टक्क्यांवर सुरू केलं आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं. सकाळी दहाला निळा हळूहळू चढायचा, दुपारी थोडा पांढरा मिसळायचा, आठ वाजता सगळं मावळायचं. दोन महिन्यांत गुलाबी फांद्यांच्या टोकांना नखाएवढी फिकी नवी वाढ दिसली. मी भिंगाने बघितली. घरी कुणाला सांगावी तर घरी कुणी नव्हतं. मुलगी बंगळूरला आणि तिची आई गेल्याला सहा वर्षं. मी ती वहीत लिहिली.

मध्यंतरी टाकीचं उद्घाटन झालं. होय, उद्घाटन. काचेला तांबडी फीत बांधली होती. एक माजी पदाधिकारी कात्री घेऊन आले, त्यांनी कोरलेल्या मिश्यांखालून "सागरी संपत्ती" या विषयावर बारा मिनिटं भाषण केलं आणि कोल्हापूरला समुद्र नाही ही उणीव दादांनी भरून काढली असं जाहीर केलं. नारळ टाकीच्या स्टँडवर फोडायला निघाले होते. मी मध्ये पडलो म्हणून पायरीवर फुटला. कुणीतरी भक्तिभावाने पाण्यावर कुंकू सोडलं. ते मी चहाच्या गाळणीने काढलं आणि त्या गडबडीत फोटोत माझी पाठ आली.

त्यानंतर माणसं यायला लागली. रोज पाच, सात, रविवारी पंधरा. दादांचा पेपर उघडा राहून वाचायचा राहू लागला. पण एक अडचण होती. माझा प्रकाश निळा होता.

"चेअरमनसाहेब, हाटेलात माश्या माराय लावत्यात तसला दिवा हाय की ह्यो."

"डॉल्बीची गाडी आत घेतलीया काय?"

शेजारचे निवृत्त तहसीलदार काचेसमोर उभे राहून सेल्फी काढायला गेले. फोटोत त्यांचा चेहरा दोन दिवस पाण्यात राहिल्यासारखा आला आणि कवळी मात्र चमकली. ते परत आले नाहीत. दादांचा स्वतःचा त्या आठवड्यातला एक सत्काराचा फोटोही असाच आला. शर्ट जांभळा, शाल काळी, दादा दिसत नव्हते.

"मास्तर, जरा पांढरं कर की. माणसं येत्यात तेवढ्यापुरतं."

"दादा, माणसांसाठी नाही तो दिवा."

"मग कुणासाठी हाय?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि ते वेगवेगळं होतं. शेवटी संध्याकाळी सहा ते आठ पांढरा वाढवायचा आणि त्या बदल्यात दुपारचे तास कमी करायचे, अशी तडजोड झाली. दादा मोबाइल घेऊन परस्पर टक्के वाढवतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पासवर्ड घातला. त्यांनी तो मागितला नाही. पडलेला माणूस जरा मऊ झालेला असतो, तेवढा मी फायदा घेतला.

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी एक वजनदार पाहुणे आले. दादांच्या संस्थेतच पूर्वी त्यांच्या हाताखाली होते, आता वर गेले होते. दादा दोनदा आत जाऊन शर्ट बदलून आले. मी टाकीमागे उकिडवा बसून पंप साफ करत होतो. पाहुण्यांनी विचारलं, "ह्ये पावणं कोण?"

"ह्यो व्हय? धाकटा भाऊ माझा. लाइटीचं बघतो," दादा म्हणाले, आणि पाहुण्यांना खुर्चीकडे घेऊन गेले.

मला सांगायला लाज वाटते की ते वाक्य मला लागलं. मानमरातबाची थट्टा करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. फेटे, शाली, फिती यांवर मी स्टाफरूममध्ये बोलायचो तेव्हा लोक चहा थंड करून ऐकायचे. आणि तो मी, प्राध्यापक म्हणून ओळख करून दिली नाही म्हणून हातात ओला पंप घेऊन मनातल्या मनात धुमसत बसलो होतो. घरी जाताना स्कूटरवर मी दादांना द्यायची उत्तरं तयार केली. चांगली होती. एकही दिलं नाही.

घटस्थापनेच्या सकाळी दादांचा फोन आला. मी गेलो. देवघरात वहिनींनी घट बसवला होता, मातीत धान्य पेरलं होतं, अखंड दिवा लावला होता. नऊ दिवस तो दिवा विझू द्यायचा नसतो. वात सारायची, तेल घालायचं, घर सोडून जायचं नाही. आमच्या आईनेही ते केलं होतं आणि मला त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. त्या सकाळी मात्र दर्शनाला आलेली एक बाई दिवाणखान्यात थांबून म्हणाली होती, "घरात नवरात्र बसलंय आनि ह्या एवढ्या मोठ्या दिव्याला रातचं मालवता व्हय?"

बस्स. वहिनींच्या मनात ते बसलं. टाकीत त्यांना आता मासे दिसत नव्हते, उजेड दिसत होता, आणि नवरात्रात लावलेला उजेड मालवणं म्हणजे अपशकुन.

"भावजी, नऊच दिस. देवीचं हाय. ह्यांची तब्येत, इलेक्शन, सगळं मागं लागलंय. कशाला खोट ठेवा?"

दादा म्हणाले, "पुरा पांढरा ठेवू. अखंड. पासवर्ड काय हाय?"

दोन वाक्यांत थांबवता आलं असतं. दादा, रात्र झाली नाही तर ही मरतील. वहिनी, जिवंत जीव मारून देवीचं कसं होईल. दुसरं वाक्य वहिनींना नक्की पटलं असतं, मुंगी चिरडली तरी हळहळणारी बाई ती. मला दोन्ही वाक्यं तेव्हाच सुचली होती. मी खिशातून कागद काढला, त्यावर पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली रेघ मारली आणि दादांच्या हातात दिला.

"सांभाळून," एवढं म्हणालो. उद्या कुणी विचारलं तर आपण काहीतरी म्हटलं होतं असावं, म्हणून.

लाइटीचं बघणाऱ्याला न विचारता लाइट लावली की काय होतं ते मला दाखवायचं होतं. मी बरोबर आहे हे दिवाणखान्यातल्या सगळ्यांना, त्या वजनदार पाहुण्यांसकट, दिसायला हवं होतं. त्यासाठी प्रवाळं मेली तरी चालतील असा विचार मी केला नाही. तो विचार होऊ नये एवढी काळजी मात्र घेतली.

अष्टमीला जेवायला बोलावलं होतं. गेटपाशीच स्कूटर लावायला जागा नव्हती. दारात चपला होत्या. पायरीवर, पायरीखाली, तुळशीपर्यंत. इतक्या चपला मी दादा चेअरमन असतानाही पाहिल्या नव्हत्या. आत बायका होत्या, पुरुष होते, गावाकडून जीप करून आलेली माणसं होती. सगळी टाकीसमोर. टाकीवर झेंडूची माळ होती. आणि आत सगळं पांढरं झालं होतं.

गुलाबी फांद्या दुधासारख्या. हातोडीची टोकं आक्रसलेली आणि फिकी, नुसता हिरव्याचा आभास. पूर्ण पांढऱ्या दिव्याखाली ते विलक्षण सुंदर दिसत होतं, हे लिहिलंच पाहिजे. माझ्या वहीतल्या कोणत्याही आकड्याने ते इतकं सुंदर दिसलं नव्हतं.

"पयल्या दिशी गुलाबी हुतं म्हणं," एक म्हातारी हात जोडून म्हणाली. "देवीनं धुऊन काढलं."

"चांदीचं झाड हाय, चांदीचं!"

"आता कसं सोच्छ दिसतंय. ते निळं बरं न्हवतं, भुताटकीगत."

मी मान वर करून दादांकडे बघितलं. ते त्यांच्या खुर्चीत बसले होते, दाराकडे तोंड करून, आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "या, या पावणं. चहा घेतल्याबिगर जायाचं न्हाय." त्यांच्या समोरचा कप भरलेला आणि गार होता. त्यांना स्वतःला प्यायला वेळ नव्हता.

त्या दिवशीसुद्धा वेळ गेलेली नव्हती. पांढरं पडलेलं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ नाही. त्या क्षणी दिवा कमी केला, चार दिवस सौम्य निळा ठेवला, तर निम्मी तरी परत आली असती. हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं. मी दादांच्या आनंदासाठी गप्प राहिलो असं लिहायला सोपं आहे आणि मी एकदा तसं लिहूनही बघितलं. खरं असं की माझी पंचाईत झाली होती. मी ज्या चुकीची वाट बघत होतो ती झाली होती आणि ती चूक कुणालाच चूक वाटत नव्हती. चमत्काराच्या मधोमध उभं राहून "हे आजारी आहे" म्हणायचं, तर आधी का नाही सांगितलं हा प्रश्न आला असता. मी पुरणपोळी खाल्ली. दोन खाल्ल्या. वहिनींनी तिसरी वाढली तेव्हा नको म्हणालो.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली ती आठ वाजेपर्यंत हटली नाहीत. गेल्या वर्षी, पडल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, घरात एकूण चार माणसं आली होती आणि त्यातला एक मी. या वर्षी आपट्याच्या पानांचा ढीग खुर्चीच्या हाताएवढा झाला. ते वजनदार पाहुणेही आले, दादांना वाकून नमस्कार केला, टाकीसमोर फोटो काढला. चेहरा छान आला.

घट दसऱ्यालाच उठला होता. दुसऱ्या दिवशी दादांनी मला बोलावून घेतलं. दिवाणखान्यात आम्ही दोघंच होतो. टाकीतून किंचित घाण वास येत होता. मऊ प्रवाळं वितळून खडकांवरून ओघळली होती. दादा काचेला नाक लावून त्या गुलाबी फांद्यांकडे, म्हणजे त्यांच्या उरलेल्या दगडी सांगाड्यांकडे, बघत होते.

"मास्तर, झालं न्हवं नवरात्र. आता तुजं ते निळं लाव. ह्येचा रंग परत कवा येणार?"

"येणार नाही, दादा."

"महिनाभरानं?"

"मेलंय ते."

काचेवर उमटलेला नाकाचा डाग त्यांनी बाहीने पुसला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला म्हाईत हुतं?"

मला "अंदाज होता" म्हणता आलं असतं. शिक्षकाकडे असले शब्द भरपूर असतात.

"हो."

"कागदावर लिवून दिलास तवाच?"

"हो."

दादा खुर्चीत जाऊन बसले. सवयीने दाराकडे तोंड करून. ओरडतील असं मला वाटलं, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडून झालं की जेवायला बसतात. ते अगदी हळू आवाजात बोलले, सभेत मतं फुटल्यावर बोलायचे तसे.

"ते गुलाबी वाढत हुतं. मी रोज सकाळी बघायचो, तू यायच्या आदी. नखाएवडं वाढलं हुतं."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं ते फक्त माझ्या वहीत आहे.

तेवढ्यात गेट वाजलं. दादांनी मान वर केली. दोन बायका आणि एक माणूस येत होता, देवीची टाकी बघायला. दादा उठले, शर्टाची घडी सरळ केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनीला सांगू नगंस. कुणालाच सांगू नगंस." मग दाराकडे जाऊन मोठ्याने, "या की! या, या पावणं, असं म्होरं या!"

मी कुणाला सांगितलं नाही. वहिनींना बहुधा कळलं आहे, कारण दर पंधरा दिवसांनी ते सांगाडे बाहेर काढून ब्लीचिंग पावडरीने आणि जुन्या टूथब्रशने पांढरे करायचं काम त्याच करतात, आणि ते करताना त्या कुणाशी बोलत नाहीत. सांगाडे धुऊन परत ठेवले की टाकी पुन्हा चांदीची दिसते. मासे दोनच राहिलेत आणि ते पंपामागच्या सावलीत असतात. पाहुण्यांना ते दिसत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. माणसं येतात, रोज येतात. दादांची साखर खाली आली आहे. मी महिन्यातून एकदा जातो. मला पाहुण्यांच्या कपबशीत चहा मिळतो, आणि दादा मला पूर्वीसारखंच मास्तर म्हणतात, फक्त आता इतरांसमोर, "प्राध्यापक हाईत" असं जोडून.

माझी वही आणि यंत्र मी परत केलं, म्हणजे यंत्र परत केलं. दिव्याला आता काही जुळवावं लागत नाही. तो सकाळी सातला लागतो आणि रात्री अकराला मालवला जातो, शंभर टक्के पांढरा. दिव्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात त्याचं आयुष्य पन्नास हजार तास दिलं आहे. रोज सोळा तास धरले तर साडेआठ वर्षं होतात.